वाचकांचे प्रश्न: एक कार्यक्रम बघून माणूस जन्मभराचा फॅन कसा होतो?

प्रश्न (कॉर्क, आयर्लंडहून एक वाचक): नोकरीनिमित्त मी इथे राहते. गावात रोरी गॅलाहर प्लेस नावाचा चौक आहे, रोज तिथून जाते पण हा रोरी कोण हे माहीत नव्हतं. आमच्या शेजारचे काका मूळचे बेलफास्टचे, त्यांनी शाळेत असताना त्याला एकदाच स्टेजवर बघितलं म्हणे, आणि आज पन्नास वर्षांनीही त्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उजळतो. दरवर्षी त्याच्या जन्मगावी बॅलीशॅननला फेस्टिव्हल असतो त्याला जातात. मी गाणी ऐकली, छान आहेत, पण एका संध्याकाळीत एवढं काय असतं की माणूस जन्मभराचा होऊन जातो?

उत्तर: ताई, रोरी हा आयर्लंडचा ब्लूज-रॉक वाजवणारा गिटारवाला आणि गायक. काकांना एकदा निवांत बसवून विचारा की त्या रात्री तुम्ही हॉलपर्यंत पोचलात कसे. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष पेटला होता, तेव्हाचं बेलफास्ट म्हणजे बाँब, गोळीबार, रस्त्यात सैनिक, ठिकठिकाणी तपासणी, अंधार पडला की शहराचा मधला भाग रिकामा. बाहेरचे मोठे बँड तिकडे फिरकायला तयार नसायचे, आणि त्यात काही चूक होती असंही नाही, जिवाची भीती कोणाला नसते. रोरी मात्र ख्रिसमस-नवीन वर्षाच्या आसपास अल्स्टर हॉलला यायचाच. एरवी जी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं एकमेकांच्या गल्लीत पाऊल ठेवत नव्हती ती तिथे एकाच छपराखाली घाम गाळत नाचायची. आपल्या गावात कोणी येत नाही आणि हा माणूस येतो, एवढं शाळकरी पोराला आयुष्यभर पुरतं हो. १९७४ च्या जानेवारीत त्याने बेलफास्ट, डब्लिन आणि तुमचं कॉर्क असा दौरा केला, त्याच दौऱ्यावरून 'आयरिश टूर ७४' हा अल्बम आला आणि टोनी पामरची फिल्मही. तो अल्बम ऐकताना काका कुठे बसले असतील असा विचार करून ऐका, वेगळा लागेल.

आता स्टेजवर काय दिसायचं ते बघा. चौकडीचा शर्ट, जीन्स, आणि एक १९६१ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. चमचमते कपडे नाहीत, धूर नाही, आतषबाजी नाही. ही गिटार त्याने १९६३ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, तुमच्याच कॉर्कमधल्या क्राउलीच्या दुकानातून शंभर पौंडांच्या आसपास किमतीला हप्त्यांवर घेतली, शंभर पौंड म्हणजे त्या काळी त्या घरासाठी डोंगर होता. १९६६ मध्ये ती चोरीला गेली, काही दिवसांनी पावसात भिजलेली एका चरात सापडली, आणि याने तीच परत वाजवायला घेतली ती शेवटपर्यंत. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि वाजवण्याने तिचा रंग इतका उडाला की पुढून बघितलं तर जास्त करून उघडं लाकूडच दिसतं. पहिल्या रांगेतल्या पोराला हे दिसायचं ना! हा माणूस रोज किती वाजवत असेल हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं, गिटारवर लिहिलेलं होतं.

आणि मग त्याची करंगळी. 'अ मिलियन माइल्स अवे' हे त्याचं संथ गाणं आहे, त्याचं कुठलंही लाइव्ह रेकॉर्डिंग लावा. सगळा बँड जोरात चाललेला असतो आणि मध्येच तो आवाज उतरवत उतरवत अगदी कुजबुजीवर आणतो. यासाठी पायाखाली मशिनांची रांग नाही, उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर, बाकीची बोटं तारांवर, आणि करंगळीने नॉब जरा मागे घेतला की तोच अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) जो आत्ता गुरगुरत होता तो स्वच्छ, गोड वाजायला लागतो. परत नॉब वर घेतला की परत गुरगुर. रेकॉर्डवर हे ऐकताना वाटतं की स्टुडिओत काहीतरी केलं असेल. हॉलमध्ये उभं राहिलं की दिसतं, अरे हा तर एका बोटाने करतोय, आत्ता, माझ्यासमोर, आणि चुकला तर सगळ्यांसमोर चुकेल. माझ्या मते जन्मभराचा फॅन इथे तयार होतो. रेकॉर्डमध्ये झालेली गोष्ट मिळते, कार्यक्रमात ती होताना बघायला मिळते, आणि होताना बघितलेल्या गोष्टीशी आपलं नातं जडतं कारण आपण तिथे होतो.

रोरीलाही हे पक्कं माहीत असावं. त्याच्या पहिल्या मोठ्या बँडचं, म्हणजे टेस्टचं, एक गाणं त्याच्या मनाविरुद्ध जर्मनीत सिंगल (एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड) म्हणून काढलं, तेव्हापासून त्याने सिंगल्सना नकोच म्हटलं. रेडिओवर वाजून मोठं होण्याचा रस्ताच त्याने बंद केला, उरला तो एकच रस्ता, गावोगावी जाऊन वाजवणं. जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सने त्याला रॉटरडॅमला बोलावून घेतलं होतं, त्यांचा गिटारवाला मिक टेलर नुकताच सोडून गेला होता. रोरी गेला, त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि आधीच ठरलेल्या जपानच्या दौऱ्याला निघून गेला. मला त्याच्या सगळ्या आयुष्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

१९९५ मध्ये तो गेला, अवघा ४७ वर्षांचा, यकृत बदलल्यानंतरच्या गुंतागुंतीत. त्याची ती गिटार २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात जवळपास नऊ लाख पौंडांना गेली, ती विकत घेणाऱ्या संगीत कार्यक्रमांच्या आयोजकांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. २०२५ च्या सुरुवातीला अल्स्टर हॉलजवळ त्याचा पुतळाही बसला. काकांबरोबर बेलफास्टला एक चक्कर माराच, तुम्ही बरोबर असाल तर ते जास्त बोलतील.

प्रश्न (पुण्याहून कॉलेजमधला एक वाचक): जुन्या गिटारवाल्यांचं तुम्ही लोक फार कौतुक करता. आज यूट्यूबवर बारा-चौदा वर्षांची मुलं त्यांच्यापेक्षा कितीतरी फास्ट आणि क्लीन वाजवतात. मग ते ग्रेट कसे?

उत्तर: मित्रा, ती मुलं खरंच भारी वाजवतात, त्यांचं काही कमी करायचं नाहीये. पण नुसता स्पीड बघून कोणी घरी जाऊन आपलं आयुष्य बदलत नाही. ते कशाने बदलतं याचं एक खरं उदाहरण सांगतो.

साठच्या दशकाच्या शेवटी लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरी वाजवत होता. ऐकायला आलेला एक उंच, कुरळ्या केसांचा विद्यार्थी कार्यक्रम संपल्यावर मित्राबरोबर तिथेच रेंगाळला. सगळे गेल्यावर रोरी स्वतःचं सामान स्वतः आवरत होता, तर हा जाऊन सरळ विचारता झाला की हा आवाज तुम्ही काढता कसा. रोरीने काही लपवलं नाही, दाखवलंच, हा व्हॉक्सचा एसी ३० अँप आणि हा रेंजमास्टर नावाचा छोटा डबा. डबा वरच्या पट्टीतला आवाज वाढवून अँपमध्ये ढकलतो, अँपच्या व्हॉल्व्हवर (आतल्या काचेच्या नळ्यांवर) ताण येऊन आवाज जरा फाटतो, आणि त्या फाटण्यातच सगळी गंमत. त्या विद्यार्थ्याने जाऊन तेच अँप घेतले आणि वडिलांबरोबर घरी बनवलेली स्वतःची लाल गिटार त्याला जोडली. त्याचं नाव ब्रायन मे. क्वीन बँडचा जो गिटारचा आवाज जग ओळखतं, आणि ज्याच्याशेजारी उभा राहून आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी गायला, त्या आवाजाचं मूळ या दोन मिनिटांच्या गप्पांत आहे. ब्रायन मे इतका मोठा झाला तरी आपला साउंड रोरीकडून आला हे अजून मोकळेपणी सांगतो.

आता बघ, त्या रात्री मार्कीमध्ये रोरीपेक्षा फास्ट वाजवणारं कोणी असतं तरी काही फरक पडला नसता. ब्रायनला आवाज हवा होता, आणि तो आवाज देणारा माणूस समोर उभा होता, बोलायला तयार. द स्मिथ्स या इंग्लिश बँडचा गिटारवाला जॉनी मारसुद्धा लहानपणी रोरीचे अल्बम ऐकून ऐकून शिकला आणि मान मोठ्या मनाने देतो, पण त्याचं वाजवणं रोरीसारखं अजिबात नाही, ब्रायनचंही नाही. म्हणजे नक्कल झाली नाही, यांनी आपापलं काढलं. तू पण एकदा मोबाइलच्या बाहेर ये, पुण्यात छोट्या जागी बँड वाजतात तिथे स्टेजच्या जवळ, गिटारवाल्याच्या बाजूला उभा राहा, आणि संपल्यावर जाऊन बोल. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

प्रश्न (सांगलीहून एक पालक): मुलगी चौदा वर्षांची आहे. कुठल्यातरी कॉन्सर्टचा व्हिडिओ बघितला आणि आता इलेक्ट्रिक गिटारच हवी म्हणून बसली आहे. हे खूळ दोन महिन्यांत उतरेल का? घ्यावी का?

उत्तर: घ्या, पण महागडी नको. उतरेल की नाही हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही, तिलाही माहीत नसणार, त्यामुळे त्यावर वाद घालू नका. वापरलेली पण सरळ मानेची गिटार आणि हेडफोन लावता येणारा छोटा अँप एवढ्यात सुरुवात होते, शेजाऱ्यांना त्रास नाही आणि तुमच्या टीव्हीलाही नाही. सुरुवातीचे काही आठवडे बोटांची टोकं दुखतात, तेव्हा मुलं सोडतात, त्या काळात तिला 'काय गं, दमलीस?' असं म्हणू नका प्लीज. शिकवणारे सर किंवा मॅडम असे बघा जे स्वतः कुठेतरी स्टेजवर वाजवतात.

आणि एक काम तुम्ही तिच्याबरोबर करा. १९७७ च्या जुलैमध्ये जर्मनीत एसेनला रॉकपालास्ट नावाची रात्रभराची मैफल झाली, युरोपभर टीव्हीवर थेट दाखवली होती, सुरुवात रोरीनेच केली. कितीतरी लोक त्या एका प्रक्षेपणामुळे त्याचे झाले, हॉलमध्ये न जाताही, तेव्हा व्हिडिओ बघून पेटलेल्या तुमच्या लेकीला कमी लेखू नका. त्याचं रेकॉर्डिंग मिळतं, मोठ्या स्क्रीनवर लावा. पहिल्यांदा नुसतं बघा, मजा करा. दुसऱ्यांदा तिला सांगा की डाव्या हाताकडे बघू नकोस, सगळे तिकडेच बघतात, फक्त उजवा हात बघ. पिक (तार छेडायचा छोटा तुकडा) कधी जोरात लागतो, कधी नुसता घासतो, अंगठ्याची कड तारेला लागून ती शिट्टीसारखी कधी किंचाळते, करंगळी नॉबवर कधी जाते. हे तिने स्वतःहून ओळखून तुम्हाला दाखवलं तर गिटार घेताना दोन हजार जास्त घातलेत तरी चालेल.