‘हट्टी’ हा शब्द वहीत का नको?

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावरील एका बालवाडीत लहान गटाला शिकवते आणि त्याबरोबर बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रमही करते. त्यासाठी मुलांची निरीक्षणे लिहून द्यायची होती. एका मुलाविषयी मी ‘हा हट्टी आहे, मुद्दाम दुसऱ्यांचे खेळ मोडतो, सतत लक्ष वेधून घेतो’ असे लिहिले. मार्गदर्शक बाईंनी ‘हे निरीक्षण नव्हे, मत आहे’ असा शेरा मारून वही परत केली. मी त्याला रोज तीन तास पाहते, मग माझे पाहणे निरीक्षण का नाही? शिवाय वर्गात 26 मुले, मी एकटी आणि मदतीला एक मावशी. अशात लिहायचे तरी केव्हा?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : शेरा तुम्हाला लागला असेल, पण तो रास्त आहे. तुमच्या वाक्यात मुलगा कोठेच दिसत नाही, त्याच्याविषयी तुम्ही दिलेला निकाल तेवढा दिसतो. समजा, मुलाच्या नावाऐवजी ‘ज’ हे अक्षर घेऊन तुम्ही असे लिहिले असते : ‘सोमवार, 10.20. ज खिडकीपाशी उभा राहून दोन मुलींचा ठोकळ्यांचा मनोरा पाहतो. जवळ जातो, एक लाल ठोकळा उचलून पुढे करतो. एक मुलगी म्हणते, “तू नको.” ज ठोकळा हातात धरून तसाच उभा राहतो. मग पायाने मनोरा पाडतो आणि माझ्याकडे न बघता दाराकडे जातो.’ ही नोंद वाचणाऱ्याला ‘लक्ष वेधून घेतो’ हे पटणार नाही, कारण त्याने तुमच्याकडे पाहिलेलेच नाही. उलट त्याला खेळात शिरायचे होते आणि कसे शिरावे हे साधले नाही, अशी शंका येईल. ती शंकाही लिहावी, पण शंका म्हणूनच आणि वेगळ्या जागी. पानाच्या मध्यावर उभी रेघ मारून डावीकडे घडले ते आणि उजवीकडे तुम्हाला वाटले ते, अशी सवय लावून घ्या. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘शांत’ हे शब्दही उजवीकडचेच आहेत, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

अशा एका प्रसंगाच्या नोंदीला प्रसंगनोंद म्हणतात आणि शिकणाऱ्याने सुरुवात तिनेच करावी. बाकीच्या पद्धती प्रश्न पाहून निवडायच्या असतात. एखादे मूल दिवसभरात कोणाबरोबर आणि कसे खेळते हे पाहायचे असेल, तर ठरावीक अंतराने थोडा थोडा वेळ पाहणे उपयोगी पडते. मिल्ड्रेड पार्टेन यांनी अमेरिकेतील शिशुशाळेत प्रत्येक मुलाला एका वेळी एकच मिनिट, पण पुनःपुन्हा पाहिले आणि 1932 साली मुलांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. त्यांतला एक प्रकार नुसते पाहत उभ्या राहणाऱ्या मुलाचा आहे. आपण अशा मुलाला ‘बुजरा’ म्हणून मोकळे होतो. पण ते मूल दुसऱ्यांच्या खेळात मन घालून उभे असते, म्हणून पार्टेन यांनी त्याला काहीच न करणाऱ्या मुलापासून वेगळे धरले. तुमचा मुलगा मनोऱ्याजवळ जाण्याआधी किती वेळ असा उभा असतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे.

भांडणांसाठी मात्र ही पद्धत कुचकामी ठरते, कारण ठरवलेल्या मिनिटाला भांडण होईलच असे नाही. तेथे घटना घडेल तेव्हाच नोंद करावी लागते : आधी काय चालले होते, काय घडले, नंतर काय झाले. हेलन डॉ (Dawe) या संशोधिकेने 1934 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांची 200 भांडणे अशी नोंदवली आहेत आणि त्यांचा सरासरी काळ अर्ध्या मिनिटाहूनही कमी भरला. म्हणजे रडण्याचा आवाज ऐकून आपण वळतो तोवर भांडण बहुतेक संपलेले असते, आणि आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा हात उगारणारा. ‘मुद्दाम’ हा शब्द आपल्या तोंडी येतो तो बहुधा अशाच वेळी.

होय-नाहीच्या खुणा करायची तयार यादी झटपट भरता येते, पण त्यातून मूल उमगत नाही. ती पूरक म्हणूनच ठेवा.

आता वेळेचे. वर्ग चालू असताना पूर्ण वाक्ये लिहू नका. खिशात कागदाच्या चिठ्ठ्या ठेवा, त्यावर वेळ आणि चार-पाच शब्द टिपा, मुलाच्या तोंडचे वाक्य मात्र जसेच्या तसे घ्या. व्हॅनवाले काका शेवटचे मूल घेऊन गेले की त्याच दिवशी ती नोंद वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीत आपली समजूत नकळत मिसळते. रोज दोन मुले ठरवलीत, तर 13 दिवसांत 26 जणांची एक फेरी पूर्ण होईल. डबा खाण्याची वेळ निवडलीत तर मावशींना वाढणे-पुसणे सांभाळायला सांगता येईल. वहीत पूर्ण नाव नको, आणि ती पालकांच्या नजरेस पडेल अशी टेबलावर ठेवू नका.

बाईंना वही पुन्हा देताना या मुलाच्या तीनच नोंदी द्या : एक सकाळी चपला काढतानाची, एक डब्याच्या वेळची आणि एक कोणाशी तरी त्याचा खेळ जमला त्या वेळची. तिसरी मिळायला उशीर लागला, तर बाईंकडून चार दिवस मागून घ्या.