ब्रिटन-अमेरिका संबंधांत राजघराण्याचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण पाहुणचारापुरता. लंडनच्या दाजींना हे सांगून मी थकलोय, आता तुम्ही ऐका.

दाजी तीस वर्षं तिकडे. विषय निघाला की 'आमची राणी' सुरू. न्यू जर्सीला आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम मॅनहॅटनच्या बोलिंग ग्रीनला नेलं. त्यांना जवळच्या वॉल स्ट्रीटच्या त्या बैलाच्या पुतळ्याबरोबर फोटो हवा होता, मला कुंपण दाखवायचं होतं. या टीचभर बागेत ब्रिटनच्या राजाचा, तिसऱ्या जॉर्जचा, घोड्यावरचा पुतळा होता. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. 9 जुलै 1776 ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कात वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी लोकांनी पुतळा पाडला. शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या, 42,088. कुंपण मात्र 1771 चंच आहे, फक्त खांबांवरचे कळस कापलेले. दाजींचा हात धरून त्या कापलेल्या टोकावरून फिरवला. अजून खडबडीत लागतं.

"बघा तुमच्या राजाची इथली किंमत."

दाजी गप्प बसणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, 1939 च्या जूनमध्ये राजा सहावा जॉर्ज न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे जाऊन हॉट डॉग खाऊन आला, म्हणून पुढे युद्धात मदत मिळाली. साफ चूक. लेंड-लीज (उधारीवर शस्त्रं-सामान देण्याची अमेरिकी योजना) आलं 1941 मध्ये, फ्रान्स पडल्यावर आणि ब्रिटनची तिजोरी रिकामी होत आल्यावर. सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचंही तेच. 1956 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने ब्रिटनला तोंडघशी पाडलं, पंतप्रधान ईडन घरी गेले आणि पुढच्या ऑक्टोबरात राणी वॉशिंग्टनला. पण नवे पंतप्रधान मॅकमिलन मार्चमध्येच बर्म्युडात आयझेनहॉवरना भेटून आले होते! सोयरीक आधीच जुळली होती, राणी नुसती मांडवपरतणीला गेली.

एक मात्र मान्य करतो. 9/11 च्या हल्ल्यानंतर, 13 सप्टेंबर 2001 ला, बकिंगहॅम पॅलेसच्या पहारेबदलात अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजलं. दाजी फाटकाबाहेरच्या गर्दीत होते. हे सांगताना त्यांचा आवाज अजून कापरा होतो. तिथे मी वाद घालत नाही. असलं काम पंतप्रधानाला जमत नाही, हेही खरं.

आणि हो, राजा कुणाला बोलावणार हे शेवटी सरकारच ठरवतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान स्टार्मरनी व्हाइट हाउसमध्ये खिशातून राजाचं निमंत्रणपत्र काढून ट्रम्पच्या हातात दिलं, तेव्हा दाजींचा लगेच फोन, "बघितलंस?" एप्रिलमध्ये ब्रिटनवर 10 टक्के आयातशुल्क जाहीर झालं, तेव्हा मी फोन केला.

म्हणाले, "युरोपला 20 लावलंय."