एफ-14 टॉमकॅट हे लढाऊ विमान रिटायर झाल्यावर अमेरिकेने ती विमानं विकली का नाहीत, तोडून कशाला टाकली?

इराणमुळे, दुसरं काय! 1979 च्या क्रांतीआधी तिथला राजा, म्हणजे शाह, अमेरिकेचा दोस्त होता तेव्हा त्याने 80 टॉमकॅट मागवली, त्यातली 79 पोचली पण, आणि मग तिकडे सरकारच उलथलं, म्हणजे अमेरिकन नेव्ही सोडून जगात हे विमान फक्त इराणकडे आणि तोच आता दुश्मन, त्यामुळे स्पेअर पार्ट बंद. तरी त्यांनी काहीबाही जुगाड करून ती इराकविरुद्ध उडवली, याचं मला तरी कौतुकच वाटतं.

अमेरिकेत विमान 1974 पासून ड्युटीवर. 1981 मध्ये सिद्राच्या आखातावर लिबियाची दोन सुखोई-22 लढाऊ विमानं पाडली, 1989 मध्ये दोन मिग-23. पण उडताना पंख मागेपुढे होणारी ती यंत्रणा सांभाळायची म्हणजे पांढरा हत्ती पोसणं, त्यात सुपर हॉर्नेट हे नवं लढाऊ विमान आलं, मग सप्टेंबर 2006 मध्ये निरोप. पुढच्याच वर्षी ॲरिझोनात उभी असलेली विमानं मशीनखाली घालून अक्षरशः चुरा करायला घेतली, कारण भंगारातला एखादा पार्ट फिरत फिरत तेहरानला पोचला तर? म्युझियममध्ये मात्र बरीच ठेवलीयेत.