वाचकांचे प्रश्न: कार्ड वसईचे, घर उलव्याचे

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले प्रश्न घेतले आहेत. कंसातले आकडे ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेतल्या कॅननांचे, म्हणजे कलमांचे, आहेत. ही संहिता २७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू आहे. त्यातले काही कॅनन नंतर बदलले आहेत.

आम्ही मूळचे वसईचे. आठ महिन्यांपूर्वी उलव्यात स्वतःचा फ्लॅट घेऊन राहायला आलो. फॅमिली कार्ड अजून गावच्या चर्चचंच आहे. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी इथे विचारलं, तर “तुम्ही आमचे नाही, वसईहून पत्र आणा.” गावी विचारलं, तर “तुम्ही आता तिकडचे.” आम्ही नक्की कुणाचे? (वाचक, उलवे)

तुम्ही आता इथले. गावचे फादर बरोबर सांगत आहेत.

धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, ठरतो तो हद्दीवरून (५१८). त्या हद्दीत राहणारा कॅथलिक त्या धर्मग्रामाचा, मग कार्ड निघालेले असो वा नसो. कायम राहण्याच्या इराद्याने घर केले, की पहिल्या दिवसापासून तिथला अधिवास मिळतो. इरादा नसला तरी सलग पाच वर्षे राहिल्यावर मिळतो (१०२). भाड्याने किंवा पीजीत राहणाऱ्यांनाही वाऱ्यावर सोडलेले नाही. तीन महिने राहण्याचा इरादा असला किंवा तेवढे दिवस झाले असले, तर अर्ध-अधिवास लागू होतो. अधिवास असो वा अर्ध-अधिवास, तिथले प्रमुख धर्मगुरू हे आपले धर्मगुरू होतात (१०७). फॅमिली कार्ड ही ऑफिसची सोय आहे. चांगली सोय आहे, ते काढून घ्याच, पण हक्क कार्डातून येत नाही.

ऑफिसला काय मागता येते? तुमच्या लग्नाचा दाखला, तुमचे बाप्तिस्म्याचे दाखले, बाळाचा जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा. आई-वडिलांचा आणि गॉडपेरेंट्सचा तयारीचा वर्ग ही ऑफिसची लहर नव्हे. तो ८५१ मध्येच आहे, तेव्हा त्यावर वाद घालू नका. बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, अशी जबाबदारी ८६७ तुमच्यावर टाकतो. मूल श्रद्धेत वाढेल अशी आशाच नसेल, तर फादर तो पुढे ढकलू शकतात, पण कारण आई-वडिलांना सांगून (८६८). वर्गणी थकली आहे, हे ते कारण होत नाही. ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावणे हे आपले कर्तव्य आहे (२२२), मात्र योग्य वेळी, योग्य तयारीने मागणाऱ्याला संस्कार नाकारता येत नाहीत (८४३) आणि गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकू नये याची खबरदारी फादरांनीच घ्यायची आहे (८४८).

आजी-आजोबांसाठी बाप्तिस्मा वसईतच करायचा असेल, तर पत्र लागेल, पण उलट दिशेने: इथल्या फादरांचे, वसईच्या फादरांना. बाळाचा बाप्तिस्मा सहसा आई-वडिलांच्या धर्मग्रामात व्हावा, योग्य कारण असेल तर इतरत्र चालतो (८५७). एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जिथे बाप्तिस्मा, तिथल्याच वहीत नोंद. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न, सगळ्याची टीप त्याच पानाच्या समासात जाते (५३५). वीस-पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी ताजा दाखला आणायला मुलाला त्याच चर्चच्या पायऱ्या चढाव्या लागणार. आणि नावाचे स्पेलिंग जन्मदाखल्याशी अक्षर अन् अक्षर ताडून, मगच वहीवर सही करा. एका ‘झेड’च्या जागी ‘एस’ पडला, की पासपोर्टच्या वेळी धावपळ होते आणि वहीत खाडाखोड करून तो दुरुस्त होत नाही.

गॉडमदर म्हणून नवऱ्याची बहीण हवी आहे. ती प्रोटेस्टंट आहे. चालेल का? (वाचक, कळवा)

गॉडमदर म्हणून नाही, साक्षीदार म्हणून चालेल, पण सोबत एक कॅथलिक गॉडपेरेंट हवाच (८७४). त्याच्या अटी: सोळा वर्षे पूर्ण, दृढीकरण झालेले, ख्रिस्तशरीर (कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) स्वीकारलेले, वागणे श्रद्धेला धरून, आणि तो बाळाचा आई-बाप नसावा. संख्या एक किंवा दोन. दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री (८७३). चार-चार नावे देण्याची हौस असते, पण वहीत दोनच्या वर जागा नाही. दृढीकरणाच्या दाखल्यावर ऐनवेळी गाडी अडते, तो आधी मागवा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तीन कुटुंबांनी ग्रोटो (मारियामातेची गुहेसारखी वेदी) बांधायला पैसे दिले. ग्रोटो झाला नाही, हॉलला एसी बसले. विचारलं तर “चर्चलाच लागले ना?” हिशेब दाखवत नाहीत. पॅरिश कौन्सिलमध्ये ठराव करून घेऊ का? (वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

ठरावापासून सुरुवात करू नका, तो दरवाजा चुकीचा आहे. पाळकीय परिषद, म्हणजे तुमची पॅरिश कौन्सिल, फक्त सल्ला देते (५३६). पैशांसाठी अर्थ समिती वेगळी असते आणि ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे (५३७). तीही प्रमुख धर्मगुरूंना मदत करते. कायद्यासमोर धर्मग्रामाच्या वतीने उभे राहतात ते प्रमुख धर्मगुरूच आणि मालमत्तेचा कारभार नियमाने चालतो की नाही याची जबाबदारीही त्यांचीच (५३२).

तुमची बाजू १२६७ च्या तिसऱ्या परिच्छेदात आहे: ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते. “चर्चलाच लागले” हे त्याचे उत्तर नाही. पण हेतू सिद्ध कसा करणार? पावती काढून बघा. त्यावर ‘ग्रोटो’ लिहिले असेल तर बाजू भक्कम. नुसते ‘देणगी’ असेल, तर तेव्हाचे पत्र, चेकसोबतची चिठ्ठी, मिस्सेत झालेली घोषणा यांवर उभे राहावे लागेल, आणि ते डळमळीत असते. पुढच्या वेळी हेतू पावतीवर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आता पत्र. एक पान पुरे: “दि. … रोजी पावती क्र. … ने रु. … ग्रोटोसाठी दिले. कॅनन १२६७ नुसार ही रक्कम त्याच कामासाठी आहे. ती आज कोणत्या खात्यात आहे, खर्च झाली असल्यास कोणाच्या निर्णयाने, आणि ग्रोटोसाठी ती पुन्हा केव्हा बाजूला काढणार, हे लेखी कळवावे.” दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. जमा-खर्चाच्या वह्या ठेवणे आणि वर्षअखेर हिशेब तयार करणे कारभाऱ्यावर बंधनकारक आहे (१२८४). भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा आहे, तो धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हद्दीच्या, नियमात सांगितल्याप्रमाणे (१२८७). म्हणून हा नियम काय आहे, ते चान्सरीत, म्हणजे धर्मप्रांताच्या कार्यालयात, विचारून घ्या.

उत्तर आले नाही, तर पत्र बिशपांकडे. त्यांच्या देखरेखीखालच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम आहे (१२७६). इथपर्यंत ही विनंती आहे, २१२ ने दिलेल्या हक्काची. तिला मुदत नाही.

मुदत सुरू होते ती लेखी निर्णय हातात पडल्यावर, आणि लोकांचे घोडे पेंड खाते ते इथेच. प्रमुख धर्मगुरूंच्या लेखी निर्णयाविरुद्ध थेट बिशपांकडे दाद मागता येते, पंधरा दिवसांत (१७३७). निर्णय बिशपांचाच असेल तर पायरी वाढते. आधी दहा दिवसांत त्यांनाच लेखी लिहायचे, की हा निर्णय मागे घ्या किंवा बदला (१७३४). त्यांना तीस दिवस. त्यांनी नकार दिला, बदललेला निर्णयही पटला नाही किंवा ते गप्प बसले, तर पुढच्या पंधरा दिवसांत रोमकडे. हे दहा आणि पंधरा दिवस ‘उपयुक्त’ दिवस आहेत, म्हणजे निर्णय माहीत नसेल किंवा काही करणे शक्यच नसेल तो काळ मोजत नाहीत (२०१). आजार, पूर हे चालते. “कमिटीची मीटिंग झाली नाही” हे नाही. दीडशे सह्यांचे निवेदन छान दिसते, पण त्यात ‘हा अमुक तारखेचा निर्णय मागे घ्यावा’ हे वाक्य नसेल, तर कायद्याच्या लेखी ते दाद मागणे ठरेलच असे नाही. तेवढ्यात दहा दिवस निघून जातात. वकील नेमायचा हक्कही आहे (१७३८), चर्चच्या कायद्याचा जाणकार बघा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “पैसे खाल्ले” असे लिहू नका. दुसऱ्याच्या नावाला अन्यायाने बट्टा लावायला २२० मनाई करतो, आणि रागात टाकलेला एक मेसेज तुमच्या पावतीपेक्षा जास्त वाचला जातो. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांचा मार्गही आहे. तो वेगळा रस्ता, त्याची कागदपत्रेही वेगळी.

मुलगी लॅटिन पद्धतीची, वाशीची. मुलगा सिरो-मलबार, नेरूळचा. हे ‘मिक्स्ड मॅरेज’ का? लग्नानंतर मुलीला पद्धत बदलावी लागेल का? (वाचक, वाशी)

मिक्स्ड नाही. दोघेही कॅथलिक आहेत, फक्त ख्रिस्तसभेच्या दोन वेगळ्या शाखांचे: लॅटिन ही पाश्चात्य, सिरो-मलबार ही केरळातली पौर्वात्य. इथल्या सिरो-मलबार भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत १९८८ साली झाला, म्हणून एकाच नोडमध्ये दोन बिशपांची हद्द असते आणि गोंधळ उडतो.

लग्न दोघांपैकी कोणाच्याही धर्मग्रामात होऊ शकते. पौर्वात्य शाखांची वेगळी संहिता मात्र वराच्या धर्मगुरूला प्राधान्य देते, तेव्हा मुलीकडे करायचे असेल तर मुलाच्या फादरांशी आधी बोलून घ्या. असे लग्न लावायला धर्मगुरूच हवा, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीची दीक्षा घेतलेला) चालत नाही. हे २०१६ च्या दुरुस्तीने ११०८ मध्ये स्पष्ट झाले आहे. घरातला कोणी डीकन लग्न लावणार असे ठरवून पत्रिका छापली असेल, तर आत्ताच थांबा.

पद्धत बदलण्याची सक्ती नाही. मुलीला हवे असेल, तर लग्नाच्या वेळी किंवा नंतर केव्हाही ती पतीच्या शाखेत जाण्याची घोषणा करू शकते (११२), अधिकृत धर्मगुरूंसमोर, दोन साक्षीदारांदेखत, आणि तिची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत जाते. नुसते वीस वर्षे नवऱ्याच्या चर्चला जाण्याने पद्धत बदलत नाही. मुले कोणत्या शाखेची? दोघांचे एकमत झाले तर लॅटिन, नाहीतर वडिलांची (१११). रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी चालते (१२४८).

भावाला ठाण्याच्या कोर्टातून घटस्फोट मिळाला. चर्चमध्ये दुसरं लग्न होईल? तोवर त्याने कम्युनियन घ्यायची नाही का? (वाचक, कोपरी)

नुसत्या कोर्टाच्या कागदावर होणार नाही. ट्रायब्युनल, म्हणजे चर्चचे न्यायालय, लग्न मोडत नाही. लग्न मुळातच वैध नव्हते का, एवढेच ते तपासते. उलट बाजूही तशीच आहे. ट्रायब्युनलच्या निकालाने कोर्टातले लग्न सुटत नाही. अशा निकालाला कायद्याने मान्यता द्यावी, ही मागणी जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भावाकडे एक कागद आहे, दुसरा लागेल.

कम्युनियनबद्दल: घटस्फोट झाला, पण दुसरे लग्न नाही आणि कोणासोबत संसारही नाही, तर निव्वळ घटस्फोटामुळे कम्युनियन बंद होत नाही. या गैरसमजापायी कित्येक जण उगाच मागच्या बाकावर बसून राहतात.

अर्ज कुठे? लग्न झाले तिथल्या, दोघांपैकी एकाच्या राहत्या ठिकाणच्या, किंवा बहुतेक पुरावे असतील तिथल्या ट्रायब्युनलकडे (१६७२). सोबत लग्नाचा आणि बाप्तिस्म्याचे दाखले, कोर्टाचा हुकूम, साक्षीदारांची यादी. पत्नीला नोटीस जाणारच, आणि लग्नाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी प्रत्येक प्रकरणात असतो. ८ डिसेंबर २०१५ पासून अवैधतेचा एक निकाल पुरतो. पूर्वी दोन लागत. पंधरा दिवसांत अपील नाही झाले, तर तो अंमलात येतो. खालच्या पायरीला एका वर्षाहून जास्त वेळ लागू नये, असे संहिता म्हणते (१४५३).

प्रकरणे पडतात ती पुराव्याच्या तारखेवर. साक्षीदार लग्नानंतरची भांडणे रंगवून सांगतात, प्रश्न मात्र लग्नाच्या दिवशीच्या संमतीचा असतो: फसवणूक होती का (१०९८), धाक होता का (११०३), मूलच नको असे आधीच ठरवले होते का (११०१), संसाराची जबाबदारी समजण्याची किंवा पेलण्याची मानसिक कुवत होती का (१०९५). तेव्हा साखरपुड्याच्या आसपास त्या दोघांना ओळखणारी माणसे शोधा. आणि मुलांच्या औरसपणावर निकालाचा परिणाम होत नाही (११३७), हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून टाका.

मी बारा वर्षे मिस्सेत वाचन करते. बाईला अधिकृत पद मिळतं का, की नुसती मदतनीसच? (वाचक, ऐरोली)

मिळते. १० जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने २३० मधला ‘पुरुष’ हा शब्द गेला. वाचक आणि वेदीसेवक ही दोन्ही सेवापदे आता स्त्रियांनाही खुली आहेत. मात्र दर रविवारी वाचणे वेगळे आणि विधिपूर्वक नेमणूक वेगळी. नेमणूक बिशप करतात, तीही तयारीनंतर.

त्यापलीकडे धर्मप्रांताची चान्सलर (दप्तर सांभाळणारी), नोटरी, अर्थ अधिकारी ही पदे प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेली, स्त्री सांभाळू शकते. ट्रायब्युनलची न्यायाधीशही होऊ शकते, कॅनन लॉमधली निदान लायसेन्शिएट पदवी असेल तर (१४२१). प्रमुख धर्मगुरू आणि व्हिकार जनरल (कारभारात बिशपांचे मुख्य सहायक) या पदांना धर्मगुरूच लागतो.

मानधनाचे विचाराल, तर वाचकपदाच्या विधीने त्याचा हक्क येत नाही. पण चर्चच्या कामासाठी खास नेमलेल्या व्यक्तीला साजेसे मानधन, विमा आणि आरोग्याची तजवीज मिळण्याचा हक्क २३१ देतो. नेमणूक कुठल्याही पदाची असो, ती लेखी द्यायची असते (१५६). पत्रात पदाचे नाव, मुदत आणि सही करणाऱ्याचा हुद्दा आहे ना, एवढे बघून घ्या.