चार इंच पुरे

या महिन्याची पत्रं जवळपास सगळी सुरीबद्दलचीच आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, त्यामुळे आत्ताच सगळ्यांना सुरी आठवणार. मी स्वतः शिकार करते, पण सुरीबद्दल जे काही कळलं ते जास्त करून आमच्या गावच्या मांसाच्या दुकानात. हंगामात लोक तिथे हरीण आणून टाकतात आणि आम्ही ते सोलून, हाडं काढून, पाकिटं करून देतो. समोर आलेल्या हरणाचं पोट कसं उघडलंय ते पाहिलं की आणणाऱ्याच्या कमरेला कोणती सुरी असेल याचा अंदाज येतो.

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, आता मॅडिसनला असतो. यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला. ऑफिसमधला मित्र त्याच्या शेतावर नेणार आहे. सात इंची पातं, पाठीवर करवत आणि टोकाजवळ गट हुक (पोटाचं कातडं चिरायचा धारदार आकडा) अशी एक सुरी आवडली आहे. दुकानदार म्हणतो, ही एक घेतली की दुसरं काही लागणार नाही. घेऊ का?
— वाचक, मॅडिसन

घेऊ नका. हरणाच्या पोटात त्या सुरीचं काही काम नाही.

हरीण पडल्यावर काय करायचंय ते आधी डोळ्यांसमोर आणा. त्याला उताणं करायचं, मागचे पाय फाकवायचे आणि ओटीपोटापासून छातीच्या हाडापर्यंत फक्त कातडं आणि त्याखालचा स्नायूंचा पातळ थर उघडायचा. त्याच्या लगेच खाली जठर. हरीण रवंथ करणारं जनावर आहे, त्याच्या जठराचा पहिला कप्पा प्रचंड मोठा असतो. मेल्यानंतरही आतला चारा आंबत राहतो, वायू साचतो आणि तो कप्पा फुगून वर दाबला जातो. सुरीचं टोक अर्धा इंच जास्त खोल गेलं तरी तो फुटतो. हिरवा, आंबूस चोथा बाहेर येतो आणि जनावर उताणं असल्यामुळे थेट कण्याकडे ओघळतो. आणि हरणाच्या अंगातलं सगळ्यांत मऊ मांस, टेंडरलॉइन, नेमकं तिथेच, कण्याला आतून चिकटलेलं असतं. दुकानात दर हंगामात मी हे मांस कापून टाकून देते. टाकताना मला खरंच वाईट वाटतं, कारण ते वाचवणं अगदी सोपं होतं.

म्हणून सुरी निवडताना एकच गोष्ट धरून ठेवा : टोक कुठे आहे हे न बघता कळलं पाहिजे. सात इंची पात्याचं टोक तुमच्या बोटापासून इतकं लांब असतं की ते कुठे लागतंय याचा हाताला पत्ता लागत नाही. साडेतीन ते चार इंचांचं पातं असेल तर तर्जनी पाठीवर ठेवली की बोट टोकाजवळ पोचतं.

कापायची रीतही छोट्या पात्यालाच जमते. आधी कातडं चिमटीत उचलून एक लहान चीर घ्यायची. तिच्यात डाव्या हाताची दोन बोटं घालून कातडं वर उचलायचं, बोटं जरा फाकवायची आणि त्यांच्या मधून सुरी धार वर करून पुढे सरकवायची, शिंपी कापडाखालून कात्रीचं पातं नेतो तशी. बोटं जठराला खाली दाबून ठेवतात. आतून बाहेर कापल्यामुळे केसांवरून धार ओढावी लागत नाही, हाही मोठा फायदा. हरणाच्या केसांत माती आणि वाळू असते. वरून कापत गेलात तर पहिल्याच हरणाला धार बोथटते आणि मांसाला केस चिकटतात ते वेगळंच.

यानंतरचं काम तर आंधळंच असतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेकडेने कापायचा, मग दोन्ही हात कोपरापर्यंत छातीत घालून एका हाताने श्वासनलिका पकडायची आणि दुसऱ्या हाताने ती पकडीच्या वर कापायची. तिथे तुमचीच बोटं पात्याच्या शेजारी असतात. लांब पातं तिथे कोणाला लागेल ते तुम्हीच ठरवा.

आता आकार. ड्रॉप पॉइंट घ्या. यात पात्याची पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते, म्हणून टोक पात्याच्या मधल्या रेषेजवळ येतं आणि धार वर करून चालवताना सहसा आत खुपसत नाही. शिकारीच्या सुरीला हा आकार लोकप्रिय केला तो कॅलिफोर्नियाच्या बॉब लव्हलेस (1929–2010) यांनी. त्याआधी बोवी घराण्यातल्या लांब, टोकदार सुऱ्यांचा बोलबाला होता. बक कंपनीची 119 त्याच घराण्यातली : सहा इंची पातं, टोकाकडे पाठ आत कापलेली. बनावट चोख आहे, छावणीत लाकूड चिरायला ती मी आनंदाने घेईन. हरीण साफ करायला नाही.

गट हुक चालतं तेव्हा छान चालतं. पण त्यात केस आणि चरबी अडकते आणि त्याला घरच्या दगडावर धार लावता येत नाही, बारीक गोल कानस किंवा कांडी लागते. ते पाठीवर असल्यामुळे बोट टेकवायची जागाही जाते. पाठीवरच्या करवतीला माझा ठाम नकार. ती हाडाचा चुरा करते, आत-बाहेर करताना मांस फाडते आणि तिच्या दातांत अडकलेलं काही नीट धुतलं जात नाही. कमरेचं हाड फोडायची बहुतेक वेळा गरजच नसते. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं मोकळं केलं की ते आतून ओढून काढता येतं, मूत्राशय तेवढं जपायचं. हाड फोडायचंच असेल तर वेगळी छोटी करवत पिशवीत ठेवा. सुरीवर दगड ठोकून छाती फोडणारे लोक पाहिले आहेत, त्यांची सुरी त्या हंगामापुरतीच टिकते.

मूठ रबराची किंवा खरखरीत प्लॅस्टिकची असू द्या, आणि पुढच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा हवाच. रक्त आणि चरबीने हात बुळबुळीत होतो, बोट घसरून पात्यावर जायला क्षण लागत नाही. रंग नारिंगी मिळाला तर उत्तम. हरीण बरेचदा तिन्हीसांजेला पडतं, आणि ओकच्या सुकलेल्या पानांत ठेवलेली तपकिरी मुठीची सुरी टॉर्चच्या उजेडात शोधणं हा ताप आहे.

नाव हवं असेल तर पहिल्या हंगामासाठी स्वीडनची मोरा कंपॅनियन, स्टेनलेस पात्याची. पातं 104 मिलिमीटर, म्हणजे साधारण चार इंच. पात्याची मुठीत शिरणारी जीभ मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही म्हणून काही जण नाक मुरडतात. सुरीने हाड फोडायचं नसेल तर त्याने काही बिघडत नाही. दुकानात जाताना खिशात नायट्राइलचे हातमोजे ठेवा. ते घालून, धार वर करून, सुरी उलटी-सुलटी धरून बघा. जिथे तळहात दुखतो ती सुरी तिथेच ठेवा.

प्रश्न : एस30व्ही, डी2, 420एचसी, 1095… यातलं कोणतं पोलाद घ्यावं? मुलगा म्हणतो महाग तेच चांगलं.
— वाचक, मिनियापोलिस

वर्षाला एक-दोन हरणं साफ करणाऱ्याला या यादीतलं कोणतंही पोलाद पुरतं. फरक आहे तो धार किती टिकते आणि परत लावायला किती घाम गाळावा लागतो यात. एस30व्ही हे 2001 मध्ये आलेलं, धातूच्या पावडरीपासून बनवलेलं पोलाद. त्यात व्हॅनेडियमचे अतिशय कठीण कण असतात, म्हणून धार पुष्कळ टिकते, पण एकदा बोथटली की साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. 420एचसी किंवा मोराचं 12सी27 लवकर बोथटतं आणि पाच मिनिटांत परत धार घेतं. 1095 हे साधं कार्बन पोलाद, धार सुरेख घेतं, पण रक्त लागून तासभर राहिलं की डाग धरतं. डी2 मध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, तरी त्यातलं बरंचसं कार्बनने बांधून ठेवल्यामुळे ते पुरतं गंजरोधक नाही.

मुलाला म्हणावं, जी धार तुला स्वतःला लावता येते ते पोलाद तुझ्यासाठी चांगलं. दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांचा कोन धरा, एका बाजूने घासत दुसऱ्या कडेवर बारीक कोर नखाला जाणवली की बाजू बदला, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत ती कोर उतरवा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांबा.

प्रश्न : आईने पुण्याहून मटणाची सुरी पाठवली आहे. घरचीच वापरली तर?
— वाचक, शिकागो

घरी वापरा, रानात नको. तिला पुढे बोट अडायला काही नसतं आणि म्यानही नसतं. पण हरीण घरी आलं, टांगलं, थंड झालं की मांड्या-खांदे सोडवायला आणि हाडावरून मांस उतरवायला लांब, पातळ पातंच लागतं. तिथे आईची सुरी काढा.

प्रश्न : पातं बदलता येणाऱ्या सुऱ्यांचं काय? माझ्या गटातले सगळे त्याच वापरतात.
— वाचक, डेट्रॉइट

सोलायला अप्रतिम, पोटात हात घालताना मला भीती वाटते. ती पाती शस्त्रक्रियेच्या पात्यांसारखीच पातळ असतात, सांध्यात जरा पिरगाळलं की तुटतात. तुटलेला तुकडा मांसात राहिला तर तो आमच्या हाताला लागतो नाहीतर तुमच्या ताटात येतो. पाती वापरत असाल तर निघताना मोजून घ्या आणि परत येताना पुन्हा मोजा. हरीण दुकानात द्यायचं असेल आणि पातं तुटलं असेल तर कृपा करून सांगा. कोणी रागावत नाही.

प्रश्न : भारतात शिकारीला बंदी आहे. मराठी मासिकात हे सगळं शिकवायची काय गरज?
— वाचक, पुणे

बंदी आहे आणि ती असायलाच हवी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला नसता तर आपल्याकडे आज काय उरलं असतं याची मला कल्पना करवत नाही. हे सदर वाचून भारतात कोणी सुरी घेऊन रानात जावं असं मला मुळीच वाटत नाही. इथली गोष्ट निराळी आहे. इथे राज्य सरकार दरवर्षी हरणांचा अंदाज घेऊन परवाने देतं, आणि परवाना घेणाऱ्यांत आता मराठी घरंही आहेत. ती मंडळी गोळी चालवायला रेंजवर शिकून येतात, पुढचं कोणी शिकवत नाही. जनावर मारलंय तर त्याचं मांस घाणीत जाऊ नये, एवढ्यासाठीच मी लिहिते.

प्रश्न : टेक्सासमध्ये नोव्हेंबरातही दुपारी ऊन असतं. हरीण आणि रानडुक्कर दोन्ही मारतो. सुरी वेगळी लागते का?
— वाचक, ऑस्टिन

सुरी तीच, घाई जास्त. चाळीस फॅरनहाइटच्या, म्हणजे चार सेल्सिअसच्या वर मांसात जंतू वाढत राहतात, आणि हरणाच्या अंगात स्वतःचीच शंभर फॅरनहाइटच्या आसपास ऊब असते. पोट लगेच रिकामं करा, छातीचा पिंजरा काठीने उघडा ठेवा, सावलीत न्या आणि शक्य तेवढ्या लवकर बर्फावर. गाडीत बर्फाची पेटी नसेल तर गोळी चालवू नका, इतकं मी सांगेन.

डुकराचं कातडं जाड आणि चिखलाने माखलेलं असतं, नराच्या खांद्यावर तर कडक ढालच असते. धार फार लवकर जाते. एकसारख्या दोन सुऱ्या ठेवा, नाहीतर खिशात हिऱ्याची छोटी पट्टी ठेवा. रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा जंतूंमुळे होणारा आजार असतो आणि तो हाताच्या ओरखड्यातून माणसाला होतो. हातमोजे काढून काम करू नका.

प्रश्न : हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाबद्दल ऐकून घाबरलो आहे. सुरी नुसती साबणाने धुतली तर चालेल?
— वाचक, मॅडिसनजवळून

नाही. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग 2002 मध्ये सापडला आणि तुमचा भाग त्याच्या मूळ पट्ट्यातला आहे. तो जंतूमुळे होत नाही, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. शिजवून, उकळून किंवा स्पिरिट लावून ते नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डोकं किंवा गळ्याच्या गाठी चाचणीला द्या, राज्यात ती मोफत होते, आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर त्या हरणाची खूण ठेवा. मेंदू आणि पाठीचा कणा सुरीने उघडू नका.

सुरी आधी ब्रशने घासून मांसाचा कण न् कण काढा, कारण ब्लीच मांसाच्या आत शिरत नाही. मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी, म्हणजे 40 टक्क्यांचं द्रावण करून त्यात पाच मिनिटं बुडवा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनात स्टेनलेसवरचे प्रायॉन एवढ्याने निकामी झाले. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि पुसून कोरडी करा, जास्त वेळ ठेवलीत तर ब्लीच पोलाद खातं. कार्बन पोलाद आणि लाकडी मूठ यांना हे सोसत नाही. मी स्टेनलेस आणि प्लॅस्टिकचा इतका आग्रह धरते तो यासाठीच. चामड्याचं म्यान रक्त पितं आणि ते धुता येत नाही, म्हणून म्यानही प्लॅस्टिकचंच, तळाला भोक असलेलं.

प्रश्न : विमानाने मोंटानाला जाणार आहोत. सुरी नेता येते का?
— वाचक, न्यू जर्सी

हातातल्या बॅगेत नाही. चेक-इन सामानात चालते, पण म्यानात घालून, वरून जाड कापड किंवा पुठ्ठा गुंडाळून, तपासणाऱ्याचा हात कापणार नाही अशी. येताना धुऊन, वाळवून मगच बॅगेत घाला.