कटऑफ हुकलेल्या मुलीला पत्र

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि "सर, दीड मार्काने गेलं," एवढाच तुझा मेसेज आला. फोन केला असता तर तू नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली असतीस, म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात आधी दोन-चार दिवस घरी जाऊन ये. निकालानंतर पुण्यात, सदाशिव पेठेत राहू नये. ज्या टेबलावर जावं तिथे कटऑफचीच चर्चा, टेलिग्रामच्या ग्रुपवर पुन्हा तेच. घरी गेलीस की कोणीतरी "मग आता पुढे काय?" विचारणारच. "या वेळी पूर्व निघाली नाही, पुढचं महिन्याभरात ठरवते," एवढं सांग. याहून जास्त उत्तर द्यायला तू कोणाला बांधील नाहीस. रडू आलं तर रड, आईसमोर रड.

परत आलीस की उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन बस. पहिल्या पेपरला 100 प्रश्न, 200 गुण. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा, म्हणजे प्रत्येकी अर्धा मार्क. तुझा दीड मार्क म्हणजे अंदाजाने भरलेले तीन गोळे. हे वाचून पोटात खड्डा पडेल, मला कल्पना आहे. तरीही लिहितो, कारण "मी हुशारच नाही" असं जे तुझ्या डोक्यात सुरू झालं असेल, त्याला या कागदावर कुठेच आधार मिळणार नाही. चुकलेला एकेक प्रश्न घे आणि समोर लिही: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, की दोन पर्यायांत अडकून भरून टाकलं. दुसऱ्या प्रकारचे जास्त निघाले तर नवीन पुस्तक आणू नकोस, उजळणी कमी पडली आहे. तिसऱ्या प्रकारचे निघाले तर घड्याळ लावून पेपर सोडवायला लाग. सीसॅट, म्हणजे दुसरा पेपर, 2022 पासून 33 टक्के मिळवून फक्त पास होण्यापुरताच आहे, त्यामुळे यादी ठरते ती याच पहिल्या पेपरावर.

काही गोष्टी मात्र तुझ्या हातात नव्हत्याच. वर्णनात्मक, म्हणजे पर्यायांऐवजी सविस्तर उत्तरं लिहायच्या मुख्य परीक्षेचा निर्णय 2022 मध्ये आला आणि आंदोलनानंतर 2025 वर गेला. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची बँकभरतीची परीक्षा एकाच दिवशी आली, मुलं पुण्यात शास्त्री रोडवर आंदोलनाला बसली, तारीख पुढे गेली. ती मुलं चुकीची नव्हती. राग येणं साहजिक आहे, तो गिळ असं मी म्हणणार नाही. फक्त जागा किती निघाल्या, कटऑफ कुठे लागला याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडू नकोस.

खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. लाल मातीत तयार झालेला गोळेश्वरचा मल्ल, तिथे मात्र कुस्ती गादीवर आणि नियमही वेगळे. चार वर्षांनी हेलसिंकीत ते आणखी वरच्या वजनगटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. जिद्दीच्या गोष्टी सांगताना हे गहाण घर आपण फार पटकन विसरतो.

म्हणूनच पुढचं बोलतो. "काही झालं तरी सोडू नकोस" असं तुला क्लासचे बोर्ड सांगतील. मी सांगणार नाही. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे, त्यामुळे आयोग तुला लवकर थांबवणार नाही. तारीख तुलाच ठरवावी लागेल, आणि ती आत्ता, डोकं थाऱ्यावर असताना, पुढच्या निकालाच्या रात्री नाही. घरी गेलीस की बाबांना सरळ विचार: माझी कॉट, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला किती जातात आणि कुठून येतात? ते "तू काळजी करू नकोस" म्हणतील. तरी आकडा काढून घे. तो आकडा माहीत असलेल्या मुली जास्त नीट अभ्यास करतात, असं मी पाहत आलो आहे. गट-ब आणि गट-कच्या संयुक्त परीक्षेचा फॉर्मही भर. इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र तू केलेलंच आहेस. एखादं पद हातात घेऊन राज्यसेवा देत राहणं यात कमीपणा अजिबात नाही.

झोप लागेनाशी झाली, जेवण जाईना, किंवा जीव नकोसा वाटला, तर माझ्या फोनच्या वेळा बघत बसू नकोस. मध्यरात्रीही कर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबरही आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

आलीस की रविवारी कार्बन कॉपी घेऊन घरी ये, प्रश्न आपण दोघं मिळून वेगळे करू. आणि अभ्यासिकेची पुढची फी त्याआधी भरू नकोस.

तुझे,
सर