लस घेतोय, सोबत काय घेऊ?

नौपाडा, ठाणे
मे महिना

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

गोखले रोडवरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहून तुला महिनाही झाला नाही आणि प्रश्न मात्र नेमका विचारलास. पावसाळ्याआधी फ्लूची लस न्यायला आलेला माणूस विचारतो, "सोबत काय घेऊ म्हणजे लस चांगली लागू पडेल?" आणि तुझ्या पाठीमागच्या फळीवर झिंक, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन डी, प्रोबायोटिक (म्हणजे पोटात घ्यायचे उपयोगी जिवाणू) अशी सगळी पाकिटं मांडलेली असतात. काय सांगायचं?

धडधाकट आणि दोन वेळा नीट जेवणाऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं, "लसीसाठी म्हणून काहीही नको." पण नुसतं नको म्हटलंस तर तो पुढच्या दुकानातून घेईल. त्या नकोमागचं कारण तुला पक्कं ठाऊक हवं.

आधी, लस लागू पडली, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं रक्तात तयार झाली, हे मोजतात कसं? लस घेण्याआधी एकदा आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. त्यातलं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला पातळ भाग, दर पायरीला दुप्पट पातळ करत जातात: १:१०, १:२०, १:४०, १:८०. किती पातळ होईपर्यंत ते फ्लूच्या विषाणूला तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवू देत नाही, हे बघतात. १:४० हा आकडा महत्त्वाचा, कारण मोठ्या माणसांत त्या पातळीला लागण होण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो असं धरतात. दुसरी खूण म्हणजे आधीच्या आकड्यापेक्षा चौपट वाढ. इथे एक खोच आहे. ज्याच्या अंगात मागच्या वर्षीच्या लसीची किंवा फ्लूची प्रतिपिंडं आधीच भरपूर आहेत, त्याची चौपट वाढ क्वचितच दिसते. म्हणून "आमच्या पावडरीने प्रतिपिंडं वाढली" असं कुणी सांगितलं, तर दोन्ही गटांचे सुरुवातीचे आकडे सारखे होते का, हे पहिलं विचार. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दुकानात येईल तेव्हाही हेच विचार.

प्रोबायोटिकची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण या सगळ्यांत तिच्याच बाजूने काही पुरावा आहे. २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नाकात फवारायच्या फ्लूच्या लसीबरोबर लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू देऊन पाहिला. ३९ जणांनी अभ्यास पूर्ण केला. लसीतल्या तीन फ्लू विषाणूंपैकी एच३एन२ या प्रकाराविरुद्ध संरक्षक पातळी प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांत आली आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ५५ टक्क्यांत. बाकीच्या दोन प्रकारांत मात्र दोन्ही गटांना पुरेसं संरक्षण मिळालं नाही. पाकिटावर ८४ छापलं जातं, बाकीचे दोन गळतात. पुढे इटलीत २११ निरोगी माणसांवर दोन जिवाणू तपासले, निकाल २०१२ साली छापून आला, त्यातला एक एल. कासेई ४३१. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं वाढलेली दिसली. मग तोच ४३१ जर्मनी आणि डेन्मार्कमधल्या १८ ते ६० वयाच्या १,१०४ निरोगी माणसांना ४२ दिवस रोज आंबट दुधाच्या पेयातून दिला. लस एकविसाव्या दिवशी. २०१५ साली निकाल छापून आला: लसीच्या प्रतिसादात फरक नाही. सर्दी-खोकल्याची लक्षणं तेवढी थोडी कमी दिवस टिकली.

या तीन अभ्यासांतून जे शिकायचं ते हेच. लहान गटात दिसलेला फायदा मोठ्या गटात विरून जाऊ शकतो. असे बरेच छोटे अभ्यास एकत्र करून पाहिले की प्रोबायोटिकच्या बाजूला थोडं पारडं झुकतं, हेही खरं. पण प्रत्येक अभ्यासातला जिवाणू वेगळा, मात्रा वेगळी, दिवस वेगळे. फायदा असलाच तर तो त्या एका जिवाणूचा आणि त्या मात्रेचा. तुझ्या फळीवरच्या पाकिटावर नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहिलं असेल, पुढे जातीचा क्रमांक नसेल, तर त्या निकालाशी त्याचा काही संबंध जोडता येत नाही. घरच्या दह्यालाही हेच लागू. दही खावं, उत्तम असतं, पण लसीचं औषध म्हणून नव्हे.

व्हिटॅमिन सी घेऊन लसीचा प्रतिसाद वाढतो, असं सांगायला आधार नाही. व्हिटॅमिन ई आणि झिंकवरचं काम बहुतेक वयोवृद्धांवर झालंय. ते तिशी-चाळिशीतल्या गिऱ्हाइकाला चिकटवू नकोस.

व्हिटॅमिन डीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे त्याचा गोंधळ मोठा आहे. डीची गोळी दिल्याने फ्लूच्या लसीची प्रतिपिंडं एकूणात वाढतात असं सिद्ध झालेलं नाही. ज्याला खरोखर कमतरता आहे, त्याने ती हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून काढावी. लस घेतली काय नि न घेतली काय, ते करायचंच. पण ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचा असतो आणि लोक तो रोज घेतात. चिठ्ठीवरचं "आठवड्यातून एकदा" घाईत वाचलं जात नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने रोजची ४,००० युनिटची मर्यादा ओलांडू नये. रोज साठ हजार म्हणजे तिच्या पंधरापट. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. मग रक्तात कॅल्शियम चढतं: सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, आणि शेवटी मूत्रपिंडाला मार. सॅशेवर पेनने वार लिहून दे, "दर रविवारी", आणि किती रविवार तेही. एवढं केलंस तरी खूप झालं.

झिंकचा हिशेब मात्र तुला येत नाही असं तुझ्या पत्रातल्या वाक्यावरून वाटलं, म्हणून हातात स्ट्रिप घे आणि बघ. "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम" असं लिहिलेलं असतं. ते क्षाराचं, म्हणजे झिंकच्या संयुगाचं, वजन. त्यात प्रत्यक्ष झिंक साधारण २२.५ मिलिग्रॅम. तेच झिंक ग्लुकोनेट असेल तर ५० मिलिग्रॅममध्ये जेमतेम ७. भारतीय मानकाप्रमाणे पुरुषाला दिवसाला १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम पुरतं. वरची मर्यादा ४०. आता घोडबंदर रोडवरून येणारा एखादा माणूस सकाळी मल्टिव्हिटॅमिन घेतो, त्यात प्रत्यक्ष झिंक २२.५, आणि कोविडच्या दिवसांपासून प्रत्यक्ष झिंक ५० असलेली सुटी गोळीही चालूच. रोजचे ७२.५ झाले. महिनोन्‌महिने असं चाललं की तांबं शोषलं जात नाही, रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात. प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेली वस्तू पांढऱ्या पेशीच कमी करते. म्हणून नवी गोळी देण्याआधी विचारायचं, "आधीपासून काय घेताय? फोनमध्ये फोटो आहे का?" आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर झिंक, लोह, कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब.

गुळवेलीबद्दल विचारलंस. "नैसर्गिक आहे, त्रास नाही" हे वाक्य काउंटरवर उच्चारू नकोस. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. पण कावीळ होऊन गेलेला किंवा यकृताची, थायरॉइडची तक्रार असलेला माणूस समोर असेल, तर त्याला ती देऊ नकोस, डॉक्टरांकडे पाठव. गरोदर बाई आणि रक्त पातळ करायची गोळी घेणारा, यांनाही कोणतंही पूरक तुझ्या मनाने नाही.

आता लस लागू पडायला खरोखर काय लागतं, ते. यातलं बरंचसं तुझ्याच हातात आहे.

पहिलं, खोक्यावरची छापील ओळ. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची नवी लस द्यायची. मागच्या हिवाळ्यातला उत्तर गोलार्धाचा साठा मे महिन्यात फ्रिजमध्ये पडलेला असतो आणि त्याची मुदत संपलेली नसते, तेव्हा हात चुकतो. मुदतीबरोबर गोलार्ध आणि वर्षही वाच. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून "पाऊस लागला की घेतो" म्हणणाऱ्याला आजच घ्यायला सांग. उशीर झाला म्हणून लस वाया मात्र जात नाही, हेही सांग.

दुसरं, थंडावा. २ ते ८ अंश. फ्रिजच्या दारात नाही, बर्फाच्या कप्प्याला टेकून तर नाहीच. मधली फळी, आणि थर्मामीटर लसीच्या शेजारी. गोठलेली लस वितळल्यावर दिसायला चांगलीच दिसते, पण तिचा जोर गेलेला असू शकतो. ती द्यायची नाही. गिऱ्हाईक इथून कोपरीच्या दवाखान्यात रिक्षाने नेणार असेल, तर आधी डॉक्टर बसलेत का ते त्याला फोन करून विचारायला लाव. जेलपॅक फ्रीझरमधून काढून घाम फुटेपर्यंत बाहेर ठेव, मग लस आणि जेलपॅक यांच्यामध्ये पुठ्ठा घालून पिशवी बांध. कडक गोठलेला जेलपॅक खोक्याला थेट लावलास तर मे महिन्यातही लस गोठते.

तिसरं, झोप. २००२ साली छापून आलेल्या शिकागोतल्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना ऐन लसीच्या दिवसांत रोज चारच तास झोपू दिलं. दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी होती. तीन-चार आठवड्यांत हा फरक भरून निघाला, म्हणून घाबरवायचं कारण नाही. पण ऐरोली-महापेला रात्रपाळी करणारा मुलगा विचारेल तेव्हा त्याला सांग की सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घे आणि पोटभर झोप. गोळी मागायला आलेल्या माणसाला द्यायला हे चांगलं उत्तर आहे. दंड दुखेल म्हणून आधीच पॅरासिटामॉल घ्यायची गरज नाही. ताप आला, दुखलं, तर नंतर घ्यावी.

मालक विक्रीचं विचारतील, ते मला ठाऊक आहे. त्यांना सांग, पूरकाच्या डब्यावर कायद्यानेच "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं. त्या डब्याला आपण लसीचा जोडीदार म्हणून विकलं तर ते खोटं ठरतं. ज्याला कमतरता आहे, ज्याच्याकडे चिठ्ठी आहे, त्याला तो डबा जरूर दे.

आणि तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस की परवा दुपारी वीज गेली आणि फ्रिज दीड तास बंद होता. ती सहज लिहायची गोष्ट नाही. थर्मामीटरवरचा कमाल आकडा बघ. ८ च्या आत असेल तर वहीत वेळ आणि आकडा लिहून ठेव. वर गेला असेल तर त्या सगळ्या सिरिंज एका पिशवीत घाल, "वापरू नये" अशी चिठ्ठी लाव आणि पिशवी फ्रिजमध्येच वेगळी ठेव. कंपनीला बॅच नंबर, किती अंश आणि किती वेळ हे कळव. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत विकू नकोस, फेकूही नकोस. आकडा किती होता ते मला आजच कळव.

तुझा,
काका